कुत्र्याच्या मोठ्या ऑपरेशनसाठी पैसे उभे करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा मोत्या सहा वर्षांचा असताना एका संध्याकाळी त्याला मागचा उजवा पाय टेकवेनासा झाला. डॉक्टरांनी त्याचा गुडघा दोन्ही हातांत धरला आणि नडगीचं हाड पुढे सरकवून दाखवलं. ते सरकायला नको होतं. लिगामेंट तुटलं होतं. मग त्यांनी कागदावर ऑपरेशनचा आकडा लिहिला, तो आमच्या सगळ्या शिलकीच्या जवळजवळ तिप्पट होता. ते पैसे आम्ही पाच आठवड्यांत उभे केले, चुका करत करत. तेव्हापासून ओळखीतलं कोणीही अशा पेचात सापडलं की फोन माझ्याकडे येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ऑपरेशन सांगितलंय आणि हातात पैसे नाहीत. सुरुवात कुठून करू?

वेळेपासून. पैशांचं नंतर. डॉक्टरांना आधी एवढंच विचारा: "आपल्या हातात किती वेळ आहे?" उत्तर तासांत येतं, दिवसांत येतं की आठवड्यांत, यावर पुढचं सगळं ठरतं.

पोट फुगून त्याला पीळ पडला असेल तर तो तासांचा मामला. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये हे जास्त दिसतं: पोट टम्म होतं, कुत्रा सारख्या ओकाऱ्या काढतो पण बाहेर काही पडत नाही, बसवत नाही, उठवत नाही. नसबंदी न केलेल्या मादीला माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होऊ शकतो. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर तो पू बाहेर दिसतही नाही आणि विष अंगात भिनत जातं. आतड्यात मोजा किंवा चेंडूचा तुकडा अडकला असेल तरी थांबता येत नाही. पाठीच्या मणक्यांतली चकती सरकून मागचे पाय लुळे पडले असतील तर बोटं जोरात दाबल्यावर कुत्र्याला दुखतं का, हे डॉक्टर बघतात. दुखत असेल तर आशा चांगली असते. तीही जाणीव गेली असेल तर ऑपरेशन करूनही साधारण निम्मेच कुत्रे पुन्हा चालू लागतात, म्हणून तिथे दिवसभराचा उशीरही महागात पडतो.

लिगामेंट तुटणं, गुडघ्याची वाटी सरकणं, खुब्याचा सांधा झिजणं यात मात्र सहसा आठवडे मिळतात. दुखणं असतंच, त्याला औषध चालू ठेवावं लागतं, पण निधी जमवायला श्वास घेता येतो.

आमच्याकडे तासच आहेत. मग काय करायचं?

लोकांसाठी मजकूर लिहीत बसू नका. हॉस्पिटलला विचारा, सुरुवात करायला कमीत कमी किती डिपॉझिट लागेल आणि उरलेलं कधीपर्यंत चालेल. मग तीन माणसांना फोन करा. मेसेज नको, फोनच. ज्यांच्याकडून आजच्या आज उसने मिळू शकतात अशी तीन नावं प्रत्येकाच्या डोक्यात असतात. "उसने हवेत, अमुक तारखेपर्यंत परत करतो" असं स्पष्ट सांगा.

निधी नंतर उभारता येतो. "ऑपरेशन झालं आहे, इतकं बिल उसनवारीवर भरलं आहे, ते फेडायला मदत हवी आहे" हे सांगण्यात गैर काही नाही. फक्त ते तसंच सांगा. ऑपरेशन होऊन गेलेलं असताना ते अजून व्हायचं आहे असं भासवलं, तर एका खोट्यापायी पुढचा सगळा विश्वास जातो.

खर्चाचा आकडा तोंडी सांगितला आहे. तेवढा पुरे का?

नाही. लेखी अंदाजपत्रक घ्या, आणि तेही बाबवार. तुमच्या निधीचा सगळा डोलारा याच कागदावर उभा राहणार आहे, म्हणून इथे वेळ घालवा.

चांगल्या अंदाजपत्रकात दोन आकडे असतात: सगळं सुरळीत झालं तर इतके, गुंतागुंत झाली तर इतके. त्यात तपासणी, रक्ताच्या चाचण्या, एक्स-रे किंवा सोनोग्राफी, भूल, शल्यचिकित्सकांची फी, प्लेट आणि स्क्रू लागणार असतील तर त्यांची किंमत, राहण्याचे दिवस, सलाइन, औषधं, घरी नेण्याच्या गोळ्या, जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा कोन, टाके काढणं, नंतरच्या फेऱ्या, हे सगळं वेगवेगळं दिसायला हवं. जे दिसत नाही ते विचारा. आमच्या कागदावर आठ आठवड्यांनंतरचा एक्स-रे नव्हता. हाड नीट जुळलं की नाही हे त्याशिवाय कळत नाही, आणि त्या एक्स-रेसाठी मोठ्या कुत्र्याला गुंगी द्यावी लागते, म्हणजे तोही खर्च आला. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ते पैसे आम्हाला शेवटी पदरमोड करून भरावे लागले.

आणखी एक विचारा: ऑपरेशन सुरू असताना पोट उघडल्यावर अपेक्षेपेक्षा वाईट काही दिसलं, तर ते तुम्हाला फोन करून विचारतील का? आणि एका मर्यादेपलीकडे खर्च तुमच्या होकाराशिवाय जाणार नाही, असं लिहून घेता येईल का? बहुतेक चांगले डॉक्टर याला आनंदाने तयार होतात.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं तर पहिले दुखावतील ना?

दुखावू नयेत. रिपोर्ट आणि एक्स-रेच्या प्रती मागून घ्या, त्या तुमच्या कुत्र्याच्या आहेत. वेळ असेल तर दुसरं मत घ्याच, कारण एकाच दुखण्यावर बरेचदा दोन-तीन वाटा असतात आणि त्यांच्या खर्चात मोठा फरक असतो.

लिगामेंटचंच घ्या. मोठ्या कुत्र्यांसाठी टीपीएलओ नावाची पद्धत सुचवतात. बार्कले स्लोकम यांनी ती १९९३ साली मांडली. नडगीच्या हाडाचा वरचा उतरता भाग कापून, थोडा फिरवून प्लेटने बसवतात, म्हणजे लिगामेंट नसलं तरी मांडीचं हाड घसरत नाही. यात खास करवत, प्लेट, स्क्रू आणि सरावलेला हात लागतो, म्हणून ती महाग. दुसऱ्या पद्धतीत सांध्याबाहेरून जाड नायलॉनच्या धाग्याने गुडघा आवळतात, ती बरीच स्वस्त पडते आणि लहान चणीच्या कुत्र्यांना चांगली लागू पडते. साधारण १५ किलोच्या आतले काही कुत्रे तर विश्रांती, वजन उतरवणं आणि औषध यांवरच ठीक चालू लागतात. मोत्या ३४ किलोचा होता, त्याला धागा पुरला नसता असं दोघाही डॉक्टरांनी सांगितलं. दोघांचं मत एक आलं म्हणून मी लोकांकडे जाताना डगमगलो नाही.

खुब्याचंही तसंच. अख्खा सांधा बदलणं हे फार खर्चिक. मांडीच्या हाडाचा गोळा काढून टाकण्याचं ऑपरेशन त्या मानाने कमी खर्चाचं, आणि हलक्या कुत्र्यांना त्यावर चांगलं चालता येतं. शिवाय पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करा. तिथे रांग असते, विद्यार्थी आजूबाजूला असतात, पण शिकवणारे तज्ज्ञ हजर असतात आणि खर्च बहुतेक ठिकाणी कमी येतो.

लोकांकडे नेमकी किती रक्कम मागावी?

अंदाजपत्रकातला वरचा आकडा घ्या. त्यात नंतरची औषधं आणि फेऱ्या धरा. ऑनलाइन मंचावरून जमवणार असाल तर त्यांचं शुल्क आणि पैसे वळते करण्याचं शुल्क धरा. मग तुमच्याकडचे वजा करा. उरेल तो आकडा लोकांपुढे ठेवा, आणि तुम्ही किती घालताय तेही सांगा. स्वतः किती सोसतोय हे दिसलं की समोरचा हात आखडता घेत नाही.

गोल आकडा करून फुगवू नका. विषम, अवघडलेला, कागदाशी जुळणारा आकडा लोकांना खरा वाटतो, कारण तो खरा असतो.

ऑनलाइन निधी उभारू की ओळखीच्यांनाच विचारू?

दोन्ही करा, पण आधी ओळखीचे. ऑनलाइन पान टाकलं की अनोळखी लोक धावून येतील, हा समज घेऊन बसलेल्यांची फार निराशा झालेली मी पाहिली आहे. कोरं पान पाहून अनोळखी माणूस पुढे सरकतो. आधीच दहा-पंधरा नावं दिसली तर थांबतो, वाचतो. म्हणून पान उघड्यावर टाकण्याआधी जवळच्या पंधरा जणांना एकेकट्याला कळवा आणि पहिल्या दिवशीच फूल ना फुलाची पाकळी घालायला सांगा.

मंच निवडताना तीन गोष्टी वाचून काढा. एक, तो वैयक्तिक वैद्यकीय खर्चाला आणि त्यातही प्राण्यांच्या उपचाराला परवानगी देतो का. किकस्टार्टरसारखे मंच नव्या कलाकृती आणि वस्तूंसाठी आहेत, तिथे मदतनिधी चालत नाही, आणि ठरलेली रक्कम पूर्ण जमली नाही तर काहीच मिळत नाही. दोन, उद्दिष्ट गाठलं नाही तरी जमलेलं तुम्हाला मिळतं का. तीन, पैसे प्रत्यक्ष हातात कधी येतात. ओळख पटवणं, खातं तपासणं यात कामाचे कित्येक दिवस जाऊ शकतात. ऑपरेशन सोमवारी आणि पैसे गुरुवारी, असं होऊन बसतं.

काही मंच शुल्क घेत नाही म्हणतात, पण देणगीदारासमोर "मंचाला टिप" असा पर्याय आधीच भरून ठेवतात. ती रक्कम कमी किंवा शून्य करता येते हे लोकांना आधीच सांगा. माझ्या एका मित्राने नकळत भरलेली टिप बघून मला फोन केला होता. त्याला ते पैसे मोत्यालाच द्यायचे होते.

मजकूर कसा लिहू? मला लिहिता येत नाही.

लिहिता येत नाही तेच बरं. मला येतं असं वाटत होतं, म्हणून मी पहिला मजकूर लांबलचक लिहिला. मोत्या पिल्लू असताना कसा आला, मुलाच्या आजारपणात त्याच्या पलंगाखाली कसा बसून राहिला, सगळं होतं त्यात. आकडा पार तळाशी होता. दोन दिवसांत चार जणांनी उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. म्हणाली, "अरे, वाचून डोळ्यात पाणी आलं. पण नेमके किती हवेत?"

त्या रात्री पुन्हा लिहिलं. ते साधारण असं होतं:

"आमचा मोत्या, वय सहा वर्षं, वजन ३४ किलो. मागच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आहे. दोन डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आहे, ते येत्या १४ तारखेला करायचं ठरलं आहे. एकूण खर्च इतका, आमच्याकडे इतके आहेत, इतके कमी पडताहेत. अंदाजपत्रक सोबत जोडलं आहे. पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरता येतील. दर रविवारी हिशेब कळवेन. नाही जमलं तरी मनात काही ठेवणार नाही."

मोत्या मुलाच्या पलंगाखाली बसून राहायचा, ते एक वाक्य मी शेवटी ठेवलं. एकच. वाचणाऱ्याला कुत्रा दिसायला हवा, पण आधी त्याला काय करायचं आहे ते कळायला हवं. आणि तारीख घाला. तारीख नसली की माणूस "बघू नंतर" म्हणतो आणि मनापासून म्हणत असूनही विसरतो.

फोटो कोणते टाकावेत?

एक बरा असतानाचा, डोळे दिसणारा. एक आत्ताचा, पाय उचलून उभा असलेला. रक्त, उघडी जखम, वेदनेने विव्हळतानाचा व्हिडिओ नको. लोक नजर फिरवतात आणि पानही पुढे सरकवतात. त्या जनावराचीही काही लाज आपण राखायला हवी.

मागायला फार संकोच वाटतो.

मलाही वाटला. दोन दिवस मी फोन हातात घेऊन खाली ठेवत होतो. कुत्रा पाळला आपण, हौस आपली, मग लोकांपुढे हात का पसरायचा, हेच डोक्यात घोळत होतं.

सुटका झाली ती मुलामुळे. त्याने कोणाला न विचारता आपला गल्ला फोडला आणि नाणी टेबलावर ढिगाढिगांनी रचून मोजायला बसला. मोत्या टेबलाखाली पाय लांब करून पडला होता. ऑपरेशनच्या आकड्यापुढे ती रक्कम काहीच नव्हती, पण मी तिला नाही म्हणू शकलो नाही. मग लक्षात आलं, ज्यांना मी विचारायला लाजतोय त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मोत्याने दारात ओळखलं आहे, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आहे. त्यांना कळवलंच नाही, तर त्यांच्या वतीने नकार मीच देऊन टाकतोय.

नकाराची वाट मोकळी ठेवून विचारा. एकदा विचारा, एकदा आठवण करा, तिसऱ्यांदा नको. गळ घालून काढलेले पैसे नात्यात काट्यासारखे राहतात.

"कुत्र्यावर एवढा खर्च? माणसांना मदत करा" असं कोणी म्हणालं तर?

वाद घालू नका. "तुमचं म्हणणं समजलं" एवढं पुरे. ज्याला द्यायचे नाहीत त्याला पटवायची आपल्यावर जबाबदारी नाही, आणि वाद रंगला की देणारेही बाजूला होतात. मनाला मात्र उत्तर हवं असतं, तर माझं हे: हा जीव आपण घरात आणला, त्याला रानात भागवता येत नाही, दुखतंय हे सांगता येत नाही. त्याची जबाबदारी आपली आहे. माझ्या यादीत सगळ्यात मोठी रक्कम देणारे गृहस्थ माणसांच्या हॉस्पिटललाही दरवर्षी देणगी देतात.

पैसे माझ्या खात्यात घेऊ की हॉस्पिटलच्या?

शक्य तिथे हॉस्पिटलच्या. कुत्र्याचं आणि तुमचं नाव, केस क्रमांक देऊन भरता येतील का ते हॉस्पिटलला विचारा, आणि कोणी चौकशी केली तर दुजोरा द्यायला तुमची हरकत नाही असं त्यांना आधीच लिहून द्या. नाहीतर गोपनीयतेपायी ते "सांगता येत नाही" म्हणतात आणि विचारणाऱ्याला संशय येतो.

तुमच्याच खात्यात घ्यावे लागले तर घरखर्चाचं खातं वापरू नका, वेगळं ठेवा. एक वही करा: तारीख, नाव, रक्कम, कशावर खर्च. माझ्या वहीत ६३ नावं आहेत. अंदाजपत्रक आणि बिलं सगळ्यांना दाखवा, पण त्यावरचा पत्ता, फोन, सही झाकून. नाहीतर तोच कागद आणि तोच फोटो उचलून दुसराच कोणी आपल्या खात्यावर पैसे मागू लागतो. असं घडलंच तर लगेच मंचाला कळवा आणि आपल्या सगळ्या लोकांना खरा खातेक्रमांक पुन्हा पाठवा.

प्राण्यांसाठीच्या संस्था मदत करतात का?

काही करतात. पण पैसे सहसा तुमच्या हातात न देता हॉस्पिटलला देतात, उत्पन्नाचा पुरावा मागतात, आणि बरं होण्याची शक्यता चांगली असलेल्या केस आधी घेतात. ऑपरेशन होऊन गेल्यावर भरपाई देणाऱ्या थोड्याच. म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी टाका, एकदम चार-पाच ठिकाणी. काही संस्था एखाद्याच आजारासाठी असतात, जसं कर्करोग, किंवा एखाद्याच जातीच्या कुत्र्यांसाठी. थोडेथोडे दोन संस्थांकडून मिळाले तरी मोठा टेकू होतो.

हप्त्यांनी किंवा कर्ज काढून?

हॉस्पिटल हप्ते देत असेल तर सगळ्यात चांगलं, लेखी घ्या. कर्ज काढायचं तर व्याज आणि उशिराचा दंड वाचून. घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपपासून लांब राहा.

आत्ता विमा काढला तर?

या ऑपरेशनला उपयोग होणार नाही. आधीपासून असलेलं दुखणं विमा सहसा धरत नाही, आणि नव्या पॉलिसीलाही सुरुवातीचे काही दिवस थांबावं लागतं, लिगामेंटसारख्या दुखण्यांना तर बरेचदा जास्त. एका पायाचं लिगामेंट आधी गेलं असेल तर दुसऱ्या पायाचंही "आधीचंच" धरणाऱ्या पॉलिसी आहेत. तारखा मागेपुढे करून द्यायला डॉक्टरांना सांगू नका. तो गुन्हा आहे आणि त्यात तेही अडकतात.

ज्यांना पैसे देता येत नाहीत त्यांच्याकडून काय मागू?

पुष्कळ. गाडी मागा. मोठ्या कुत्र्याला ऑपरेशननंतर मागच्या सीटवर आडवं न्यावं लागतं आणि भाड्याची वाहनं नाही म्हणतात. पिंजरा किंवा कठडा उसना मागा, तो सहा-आठ आठवडेच लागतो. रात्री जागायला माणूस मागा.

आणि रक्त मागा. प्लीहेचं किंवा पोटातलं मोठं ऑपरेशन असेल तर रक्त लागू शकतं. कुत्र्यांनाही रक्तगट असतात. पहिल्यांदा रक्त चढवताना तीव्र प्रतिक्रिया सहसा येत नाही, तरी शक्य तिथे जुळवून बघतात. रक्त देणारा कुत्रा तरुण, निरोगी, लसीकरण पूर्ण झालेला, शांत स्वभावाचा आणि साधारण २५ किलोच्या वरचा लागतो. ओळखीत असे दोन कुत्रे आधीच हेरून, डॉक्टरांकडे त्यांची तपासणी करून ठेवली तर ऐनवेळची धावपळ वाचते.

पैसे जमेपर्यंत कुत्र्याला घरी कसं सांभाळू?

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलचं प्रमाण चुकलं तर यकृत जातं. कुत्र्यांसाठीची वेगळी औषधं आहेत, तीच डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापात द्या. आधी स्टेरॉइड चालू असेल तर सांगा, स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र धोक्याची असतात.

पायाचं दुखणं असेल तर उड्या, जिने आणि गुळगुळीत फरशी टाळा, फरशीवर सतरंज्या अंथरा, लघवीलाही दोरीनेच न्या. वजन जास्त असेल तर डॉक्टरांना विचारून खाणं कमी करा. आम्ही पाच आठवड्यांत मोत्याचं दीड किलो उतरवलं. पैसे नसतानाही त्याच्यासाठी एवढं करता येत होतं, आणि त्यानेच मला त्या दिवसांत धीर दिला.

रक्कम पूर्ण जमलीच नाही तर?

तारखेच्या आठवडाभर आधी डॉक्टरांसमोर जमलेला आकडा ठेवा. ऑपरेशन थोडं पुढे ढकलता येईल का, स्वस्त पद्धत चालेल का, टाके काढणं आणि ड्रेसिंग घराजवळच्या डॉक्टरांकडे करता येईल का, हे विचारा. काहीच जमत नसेल तर देणाऱ्यांना कळवून पैसे परत करा, किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या उपचाराला वापरा.

जास्त जमले तर?

आधीच जाहीर करा की उरलेले कुठे जातील. न सांगता ठेवू नका, रक्कम कितीही छोटी असो. आमचे उरले असते तर त्याच हॉस्पिटलमधल्या दुसऱ्या कुत्र्याच्या बिलात गेले असते.

ऑपरेशन न करण्याचा निर्णय घेतला तर मी वाईट ठरतो का?

नाही. या प्रश्नाला मी नेहमी फोनवरच उत्तर देतो, इथे जमेल तसं लिहितो.

डॉक्टरांना विचारा, ऑपरेशन झालं तर किती काळ आणि कसा काळ. प्लीहेवर रक्तवाहिन्यांच्या कर्करोगाची गाठ असेल तर प्लीहा काढूनही बहुतेक कुत्र्यांना काही आठवडे ते दोन-तीन महिनेच मिळतात, केमोथेरपी दिली तर थोडे जास्त. पण प्लीहेची प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, आणि काढून तपासेपर्यंत बरेचदा खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे निर्णय अंधारातच घ्यावा लागतो. चौदा वर्षांच्या, हृदयही थकलेल्या कुत्र्याच्या बाबतीत वेदना आवरून घरी ठेवणं, आणि वेळ आली की डॉक्टरांच्या हातून शांतपणे जाऊ देणं, हा प्रेमाचाच निर्णय असू शकतो. लोकांनी पैसे दिले आहेत म्हणून ऑपरेशन करावंच लागेल, असं कधीही धरून चालू नका. टेबलावर तुमचं कुत्रं असणार आहे, देणगीदारांची यादी नाही.

ऑपरेशननंतर कुत्रा गेला तर लोकांना कसं सांगू?

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, दोन ओळींत. हिशेब महिनाभराने दिला तरी चालेल, लोक समजून घेतात. बिल मात्र तेवढंच येतं, हे कटू असलं तरी आधी माहीत असू द्या. जवळच्या कोणाला तरी हे कळवण्याचं काम आधीच सोपवून ठेवलेलं बरं.

सगळं नीट झाल्यावर किती दिवस कळवत राहायचं?

हाड जुळेपर्यंत, म्हणजे आठ ते बारा आठवडे. मी दर रविवारी चार ओळी आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवत होतो. चौथ्या दिवशी मोत्याने केस काढलेला पाय जमिनीला अलगद लावला, ते पाठवलं. कोन दाराच्या चौकटीला अडकून तो तसाच खिन्न उभा राहिला, तेही पाठवलं. आठव्या आठवड्यातला एक्स-रे पाठवला, हाडावरची करवतीची रेघ जवळजवळ पुसली गेली होती. त्या दिवशी आलेल्या उत्तरांत दोन नावं अशी होती ज्यांनी पैसे दिले नव्हते.

पुढच्या वेळेसाठी काही तयारी करून ठेवता येते का?

करावीच लागते. ज्याचं एका पायाचं लिगामेंट गेलं अशा कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचं पुढे दुसऱ्या पायाचंही जातं. आम्ही टाके निघाल्या दिवसापासून दर महिन्याला ठरावीक रक्कम त्याच वेगळ्या खात्यात टाकत राहिलो. दोन वर्षांनी मोत्याने डावा पाय उचलला तेव्हा तीन चतुर्थांश पैसे तयार होते. या वेळी अंदाजपत्रकात आठव्या आठवड्याचा एक्स-रे मी स्वतः लिहायला लावला. मजकूर लिहायला बसलो तोच फोन वाजला, मुलाने आधीच बातमी पोचवली होती. पलीकडून आत्या म्हणाली, "बोल, नेमके किती?"